ग्यानबा मुकादम सुदानला जाऊन आले

"काल पाटलांच्या लग्नात माणूस किती होतं?" असं ग्यानबा मुकादमांना कुणी विचारलं, की ते आधी डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "मी ज्या पंगतीला बसलो तिच्यात बावीस व्हते. एक पोरगं रडून उठलं, मंग एकवीस. दुसऱ्या पंगतीचं मला ठाव न्हाई." दुसरा कुणी 'हजार-बाराशे सहज' म्हणून मोकळा झाला असता. पाऊस किती पडला असं विचारलं, तर उत्तर यायचं, "आमच्या अंगणातली परात भरली. रानातलं रानात जाऊन सांगतो." आणि खरोखरच ते चिखल तुडवत रानात जायचे, पाहायचे आणि परत येऊन सांगायचे. तोवर विचारणारा जेवून आडवा झालेला असायचा.

असल्या माणसाशी गप्पा मारणं ही एक शिक्षाच होती. पण गावाला त्यांचा उपयोग फार. त्यांचं गाव सातवड, देवगाव फाट्यावरून कच्च्या रस्त्याने दोन कोस आत. तिथे बांधाचं, बैलाचं, वाटणीचं काहीही भांडण निघालं, की मंडळी शिवलिंगअप्पांच्या किराणा दुकानापुढच्या लिंबाखाली जमायची आणि कुणीतरी म्हणायचं, "ग्यानबाची गवाही घ्या." ग्यानबा जे पाहिलं असेल तेवढंच सांगायचे आणि भांडण तिथेच मिटायचं. एकदा त्यांनी भर बाजारात गिऱ्हाइकाला सांगून टाकलं, की आपल्या सख्ख्या मेहुण्याच्या बैलाला बसण्याची खोड आहे. मेहुणा पुढे तीन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. पण ग्यानबा खोटं बोलले, असं तोही कधी म्हणाला नाही. "खरं बोलला, पर नको तवा बोलला," एवढीच त्याची तक्रार होती.

मी त्यांना ओळखत होतो ते परभणीला, ज्वारीच्या संशोधनाच्या फार्मावर. मी तिथे कारकून आणि ते मजुरांचे मुकादम. आठवडाभर फार्मावरच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी सेलूच्या गाडीने गावी जायचे. ज्वारीच्या दोन जातींचा संकर करणं हे त्यांचं खास काम. कणसातल्या बारीक फुलांमधले नर चिमट्याने खुडायचे, मादीला धक्का लागू द्यायचा नाही, कणसावर कागदी पिशवी बांधायची आणि मग एका सकाळी दुसऱ्या जातीच्या कणसाचा पराग त्यावर झटकायचा. ग्यानबा याला 'लगीन लावणं' म्हणायचे. "बाबू, आज सोळा लग्नं लावली. दोन नवऱ्या नाराज दिसत्यात, बगू." पदवीधर मुलांच्या हातून निम्मी कणसं वाया जायची. ग्यानबांच्या हातून जाणारं कणीस शोधावं लागे.

आमच्या फार्माचे प्रमुख डॉक्टरसाहेब. हे डॉक्टर ज्वारीचे, पण मजूर त्यांच्याकडे पोटदुखीचं औषध मागायला यायचे आणि ते ओव्याचा अर्क द्यायचेही. त्यांना एका साली सुदान देशातून बोलावणं आलं. तिथल्या ज्वारीवर दोन वर्षं काम करायचं होतं आणि सुरुवातीच्या हंगामात मदतीला एक माणूस सोबत नेता येणार होता. मी बी.ए. झालेला. इंग्रजी टायपिंगचा वेग मिनिटाला चाळीस शब्द. साहेबांची सगळी पत्रं माझ्या हातची. मी मनातल्या मनात कोटाचं मापही देऊन ठेवलं होतं.

साहेबांनी मला बोलावलं आणि विचारलं, "बाबू, ज्वारीचं फूल दिवसाच्या कुठल्या वेळी उमलतं?"

मी म्हणालो, "फाईल बघून सांगतो."

"म्हणून ग्यानबा येणार आहेत," साहेब म्हणाले. "त्यांचा पासपोर्टचा फॉर्म तेवढा भरा."

तो फॉर्म भरताना माझा जो जळफळाट झाला तो मी लपवत नाही. त्यात मुकादमांचा काटेकोरपणा. जन्मतारीख? "ठाव न्हाई. मी व्हतो, पर ध्यान नव्हतं." शिक्षण? "निजामाच्या राज्यात चौथी. उर्दूत." ओळखीची खूण? यावर त्यांनी सदरा काढून पाठीवरचे तीळ मला मोजायला लावले, कारण पाठ त्यांनी स्वतः पाहिलेली नव्हती.

सातवडात बातमी पोचली आणि गाव फुललं. त्या पंचक्रोशीतून विमानात बसणारा हा पहिला माणूस. सुदान कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, पण फॉरेन म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. तिथे बर्फ पडतं. गोऱ्या बाया अर्ध्या कपड्यात फिरतात. काचेची घरं असतात आणि माणसं काट्या-चमच्याने खातात. शिवलिंगअप्पांनी ग्यानबांना बजावून सांगितलं, "सगळं नीट बघून ये. आमाला आल्यावर तपशीलवार पायजे." तपशिलाची मागणी एवढ्या चुकीच्या माणसाकडे आजवर कुणी केली नसेल.

भाद्रपदात परभणी स्टेशनवर मी त्यांना गाडीत बसवून दिलं. अंगावर नवं धोतर, डोक्याला फेटा आणि फडक्यात आठ दिवसांच्या भाकरी. मी म्हणालो, "मुकादम, विमानात जेवण मिळतं." ते म्हणाले, "असंल. मी पाह्यलं न्हाई."

प्रवासाचं पुढचं मला त्यांच्याच तोंडून कळलं, त्यामुळे ते अगदी थोडं आहे. विमान कसं होतं? "आपल्या यष्टीपरीस लांब. हालत न्हाई. मला वाटलं बंद पडलं म्हणून बाईला इचारलं, तर ती हासली अन् लिमलेटची गोळी दिली." भीती वाटली? "कशाची? खाली कापूस पसरल्यागत ढग. जिमीन दिसतच नव्हती, मंग पडायचं भ्याव कसं वाटावं?" परतीला तर ते एकटेच होते. डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या गळ्यात इंग्रजी चिठ्ठी अडकवली होती. मधे एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं होतं, तिथे ते एका खुर्चीवर बसून राहिले. लोक येऊन चिठ्ठी वाचायचे आणि पुढे नेऊन सोडायचे. "टपालागत गेलो, टपालागत आलो," असं ते म्हणायचे. टपाल कधी कधी हरवतंही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र डॉक्टरसाहेबांनी सांगितली, तीही दोन वर्षांनी परत आल्यावर. वेळेवर सांगितली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. सुदानच्या विमानतळावर उतरल्यावर कागद तपासणारे अधिकारी साहेबांचं इंग्रजी ऐकून नुसतेच मान हलवत होते. साहेब घामाघूम झाले. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला. ग्यानबा भिंतीवरच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत होते! अरबी अक्षरं ती, पण निजामाच्या शाळेत गिरवलेल्या उर्दूचीच भावंडं. "वाचता येतं सायब, उमगत न्हाई," त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, पण ते मराठीत. अधिकाऱ्याला एवढंच दिसलं, की फेटेवाला एक वृद्ध परदेशी पाहुणा आपली लिपी घडाघडा वाचतो आहे. त्याने उठून सलाम केला. ग्यानबांनीही केला. मग सामानाची तपासणी आली, तेव्हा ग्यानबा एकेका वस्तूवर बोट ठेवून म्हणाले, "संदूक. साबून. कमीज." तिथेही जवळजवळ हेच शब्द निघाले. दोन मिनिटांत ग्यानबांना खुर्ची आणि साखरेने गच्च झालेला चहा मिळाला. पीएच.डी. झालेले साहेब रांगेत उभेच.

दुसऱ्या दिवशी सगळे तिथल्या शेतावर गेले. ग्यानबांनी वाकून मूठभर माती उचलली आणि चुरून पाहिली. काळीभोर, चिकट, भेगाळलेली. समोर ज्वारी उभी. पलीकडे कापूस. बांधाला लिंबाची झाडं. पांढरे फेटे बांधलेली माणसं औत हाकत होती आणि बायका लांबलचक कापड लुगड्यासारखं गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन निंदत होत्या. ग्यानबांनी हे सगळं एकेक करून पाहिलं. मग साहेबांना म्हणाले, "सायब, आपण चुकून माघारी तर न्हाई आलाव?"

पण काम त्यांनी झकास केलं. खुणांनी शिकवून तिथल्या वीसेक माणसांच्या हातात चिमटा दिला. माणसंही त्यांना जपायची. ज्वारीचीच आंबवलेली, धिरड्यासारखी पातळ भाकरी भेंडीच्या कालवणाबरोबर खाऊ घालायची. ग्यानबांचं वजन वाढलं. हे त्यांनी फार्मावरच्या काट्यावर पाहून सांगितलं.

परत आले त्या दिवशी नेमका बंद होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचा काळ तो. कधी बाजूने बंद, कधी विरोधात बंद, आणि एस्टी दोन्हीकडून जागच्या जागी. गावाने ठरवलं होतं की फाट्यावर हलगी लावून मुकादमांना वाजतगाजत आणायचं, पण गाडीच नाही म्हटल्यावर सगळे घरी बसले. ग्यानबा सेलूला रेल्वेतून उतरले आणि सरकी घेऊन जाणाऱ्या एका बैलगाडीवर बसून दिवस मावळायच्या आत घरी पोचले. अंगाखांद्यावर कापसाचे पुंजके. फॉरेनहून आलेला माणूस सरकीच्या पोत्यावरून उतरताना गावाने पाहिला आणि तिथेच पहिली माशी शिंकली.

दुसरी शिंकली ती पिशवी उघडल्यावर. आयाबाया दाटीने बसल्या होत्या. ग्यानबांची बायको ठकूबाई, तोंडाने फटकळ, मनाने मोकळी. त्यांनी एकेक पुडकं सोडलं. पहिल्यात तीळ निघाले. दुसऱ्यात शेंगदाणे. तिसऱ्यात अंबाडीची वाळलेली बोंडं, ज्यांचं तिथे सरबत करतात. चौथ्यात डिंक.

"डिंक?" ठकूबाई म्हणाल्या. "आपल्या बांधावरच्या बाभळी काय मेल्या व्हत्या?"

"तिथं लय चांगला भेटतो."

"अन् ही अंबाडी? इमानात घालून अंबाडी आणली?"

"जे पिकतं तेच इकतात तिथं," ग्यानबा म्हणाले. "मी काय करू?"

सकाळी अप्पांच्या दुकानापुढे सगळं गाव जमलं. बर्फ कसं असतं? "न्हाई पाह्यलं. आपल्यापरीस ऊन जास्त." गोऱ्या बाया? "काळ्या हायत. आपल्याहून काळ्या. लुगड्यागत नेसत्यात, लय मायाळू." खातात काय? "ज्वारी." पिकतं काय? "ज्वारी. कापूस. तीळ." झाडं कसली? "लिंब. बाभळी." नदी केवढी? "मी ह्या काठाला हुबा व्हतो, पल्याडचा काठ दिसत व्हता." हळूहळू लोक एकमेकांकडे पाहू लागले. एक फोटो होता तोही निघाला. त्यात ग्यानबा, मागे ज्वारी आणि वर ऊन. "ह्यो तर परभणीच्या फार्मावरचा," एकजण म्हणाला.

मग ग्यानबांनी पासपोर्ट काढला. अप्पांनी चष्मा लावला. एक शिक्का इंग्रजीत, मुंबईचा. मुंबईला गेल्याबद्दल कुणाचा वाद नव्हता. अप्पांनी पान उलटलं आणि दुसरा शिक्का पाहताच थबकले. वळणावळणाची ती अक्षरं सातवडातल्या प्रत्येक म्हाताऱ्याने जन्मभर पाहिलेली होती. जमिनीचे जुने कागद, वतनाचे हुकूम, कोर्टाचे निकाल, घरोघरच्या पेट्यांमध्ये निजामशाहीचं जे काही उरलं होतं ते याच लिपीत.

"ग्यानबा," अप्पा हळूच म्हणाले, "ह्यो शिक्का तर हैद्राबादचा."

गावाचा निकाल तिथे लागला. मुकादम मुंबईपर्यंत गेला, तिथे साहेबाने त्याला सोडून दिलं, बिचारा लाजेने हैद्राबादला जाऊन राहिला आणि दिवाळी झाल्यावर अंबाडी विकत घेऊन परत आला. कुणी रागावलं नाही. हसले मात्र सगळे. पोरं 'सुदान, सुदान' करत त्यांच्या मागे लागायची. बैलाची खोड सांगायला कुणी बोलवेना. शनिवारी गावी जाणारे ग्यानबा महिना महिना फार्मावरच राहू लागले.

मला त्यांचं फार वाईट वाटलं. एकदा कचेरीत पिशव्या मोजता मोजता ते म्हणाले, "बाबू, मी गरीब हाय ते चालतं. अडाणी हाय ते बी चालतं. पर माज्या जबानीला गावात किंमत व्हती. आता ती बी न्हाई." त्यांचे हात मोजताना चुकले. मी पहिल्यांदाच पाहिलं ते.

मी कारकुनी सल्ला दिला. "थोडं बर्फ टाका की मुकादम. एखादी गोरी बाई. कुणाचं काय जातंय?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, की मी उगाचच टाईपरायटरची फीत बदलायला घेतली.

गोष्ट हसण्यावारी राहिली असती, पण त्यात सुभद्राबाईचा बांध आला. सुभद्राबाई बौद्धवाड्यातली, नवरा नसलेली बाई. तिची दोन एकर जमीन, आणि शेजारी खंडेरावाची चाळीस. खंडेराव मनाने फारसा वाईट नव्हता, नांगराने वाईट होता. दरसाल बांध थोडा थोडा कोरत त्या साली तो सहा हात आत आला आणि हद्दीचा दगडच नाहीसा झाला. मोजणीत दगड कुठे पुरला, हे पाहिलेला जिवंत माणूस एकच, ग्यानबा मुकादम. आणि दिवस असे, की विद्यापीठाच्या नावावरून गावोगावची माणसं एकमेकांकडे बघेनाशी झालेली. सातवडात हाणामारी झाली नव्हती. पण बौद्धवाड्यातल्या बाईची बाजू घेऊन लिंबाखाली उभं राहणं आता पहिल्यासारखं सोपं राहिलं नव्हतं. तरी ती आली, आणि तिने ग्यानबांचीच गवाही मागितली.

त्या रविवारी मीही मुद्दाम सातवडला गेलो. बरोबर कचेरीच्या हुकमाची प्रत, 'ग्यानबा मुकादम यांस सुदान येथे पाठविण्यात येत आहे' अशी. अप्पांनी ती उलटीपालटी केली. "टाईप कुणी केलंय?"

"मी."

"हां," अप्पा म्हणाले आणि कागद परत दिला. "तुमी त्यान्ला कुठवर सोडलं व्हतं?"

"परभणी स्टेशनवर."

"हां," ते पुन्हा म्हणाले.

ग्यानबांनी डोळे मिटले आणि सांगितलं, "जुन्या बाभळीच्या खोडापसून अकरा पावलं, उगवतीकडं. मी लहानपणी मोजणीवाल्याची साखळी धरली व्हती. दगड मी डोळ्यानं पाह्यला."

खंडेराव हसला. "सुदान बी डोळ्यानंच पाह्यलं व्हतं ना? ज्याचं ते खोटं, त्याचं हे खरं कसं?"

माणसं खाली बघू लागली. सुभद्राबाई एका अंगाला उन्हात उभी होती. ती ग्यानबांकडे पाहत राहिली. अप्पा भला माणूस. त्यांना वाट काढायची होती. ते मऊ आवाजात म्हणाले, "ग्यानबा, माणूस चुकतो. हैद्राबादला गेल्तो असं एकदा कबूल कर. आमी मागचं सोडून देतो अन् तुजा दगड मानतो. बाईचं काम व्हऊन जाईल."

माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांच्या कानाशी लागलो, "म्हणा की मुकादम! एक शब्द आहे."

ग्यानबांनी सुभद्राबाईकडे पाहिलं, तेव्हा मला वाटलं, आता म्हणतील. त्यांचे ओठ हलले. घाम फेट्याखालून गालावर आला.

"अप्पा," ते शेवटी म्हणाले, "खोट्याच्या जोरावर तिची जिमीन वाचली, तर उद्या कुणी बी खोट्याच्या जोरावर काढून घेईल. मी हैद्राबाद पाह्यलं न्हाई."

"थापा!" खंडेराव उसळला. "दोन महिने ऱ्हाऊन आलास, अन् पाह्यलं न्हाई? सांग, चारमिनारला मिनार किती?"

"ठाव न्हाई."

हशा पिकला. खंडेराव मांडीवर थाप मारून म्हणाला, "आरं, नावातच चार हायत की!"

"नावाचं कोण धरतं?" ग्यानबा शांतपणे म्हणाले. "आपल्या गावाचं नाव सातवड. वड किती हायत, दाखवा."

गावात वड एकच होता, पारावरचा, आणि तोही खंडेरावाच्या आज्याने लावलेला. हसू थांबलं. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसता हसता ते तांदळाच्या पोत्यावर टेकले आणि डोळे पुसत म्हणाले, "ह्यो माणूस न मोजता चारमिनारला चार म्हणायला तयार न्हाई! बाईची जिमीन चाललीय, सोताची अब्रू चाललीय, तरी म्हणंना! अन् त्यो दगडाचं खोटं बोलंल? खंडेराव, दगड अकरा पावलांवरच हाय. अन्..." अप्पा जरा थांबले, "अन् सुदानला बी गेल्ताच ह्यो. बिलकुल गेल्ता."

दुसऱ्या दिवशी ग्यानबांनी स्वतः अकरा पावलं टाकली आणि दगड तिथे पुरला गेला. खंडेराव कुरकुरला, पण पहार त्यालाच धरावी लागली. गावानेही मग ग्यानबांचा परदेशप्रवास मान्य केला, एक अट घालून. "गेल्ता खरा," लोक म्हणायचे, "पर जिथं ज्वारी पिकती त्ये काय फॉरेन न्हाई." यावर ग्यानबांचं काही म्हणणं नव्हतं. ते पुन्हा दर शनिवारी गावी जायला लागले आणि बैलांच्या खोडी सांगायला लागले.

निवृत्तीनंतर ते सातवडलाच होते. नामांतर झालं त्याच्या आदल्या साली, शिमगा उलटल्यावर, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेले. मी तेरवीच्या आदल्या दिवशी पोचलो. ओसरीवर खंडेराव, अप्पा आणि इतर मंडळी बसली होती. तेवढ्यात सुभद्राबाई डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन अंगणात आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. "भाऊच्या अकरा पावलातली हाय," ती म्हणाली. ओसरीवर कुणी हललं नाही. ठकूबाई आतून आल्या, आपल्या हाताने गाठोडं उतरवून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उद्या पोळ्या न्हाईत. ह्यांला भाकरी आवडायची. हीच ज्वारी दळून आणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. कोणाच्या ज्वारीची भाकरी हे पानावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. अप्पा सगळ्यांच्या आधी बसले आणि त्यांनी पहिला घास घेतला. खंडेराव शेवटी आला. भाकरीकडे बघत बसला, मग तोडली, खाली मान घालून खाल्ली. पान रिकामं झालं तेव्हा त्याने वर न बघताच हात पुढे केला आणि म्हणाला, "आणखी एक वाढ." टोपलं घेऊन समोर उभी होती ती सुभद्राबाई. तिने वाढली.